नाकाचा प्रश्न

माझ्या लॅपटॉपवर ट्रक चालवायचे दोन गेम आहेत, आणि दोन्ही प्रागमधल्या एकाच कंपनीचे. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आला २०१२ साली, मी शाळेत असताना. ‘अमेरिकन ट्रक सिम्युलेटर’ आला २०१६ साली. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलच्या वायफायवर तो उतरवायला अख्खी रात्र गेली होती. पहिल्या गेममध्ये स्कॅनिया, डाफ, व्होल्वो, मर्सिडीज. सगळ्यांची तोंडं भिंतीसारखी सपाट. दुसऱ्यात पीटरबिल्ट आणि केनवर्थ. पुढे लांबलचक नाक, दोन्ही बाजूंना आकाशाकडे तोंड करून उभी चकचकीत धुराडी. काही वर्षांनी व्होल्वोही अमेरिकन गेममध्ये आला. नाव तेच, लोगो तोच, पण त्यालाही नाक फुटलेलं.

हॉस्टेलवर यावरून आमचे वाद व्हायचे. प्रश्न एकच: एवढा चांगला युरोपियन ट्रक अमेरिकन माणूस का घेत नाही? उत्तरही ठरलेलं: अमेरिकन लोकांना दिखाऊपणा आवडतो. मी त्या काळात कट्टर स्कॅनियावाला होतो, त्यामुळे हे उत्तर मला फार पटायचं. इंजिनिअरिंग युरोपात आणि शायनिंग अमेरिकेत, असा सरळ हिशेब.

तो हिशेब मोडला नोकरीत. पुण्याच्या ज्या कंपनीत मी आहे, तिथे मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनतं. त्यातला एक भाग असा: ट्रेलरमध्ये कुठलं पॅलेट कुठे ठेवलं तर कुठल्या ॲक्सलवर किती वजन येईल, हे ट्रक भरायच्या आधीच सांगायचं. हा भाग युरोपच्या ग्राहकांसाठी तयार होता. अमेरिकेतला एक ग्राहक मिळाला आणि तो तिकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? किलोचे पाउंड केले, मीटरचे फूट केले, सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी डेमो लावला. पलीकडे आमच्या अमेरिकेतल्या टीममधल्या एक बाई होत्या. टेस्टिंगमध्ये यायच्या आधी त्यांनी बरीच वर्षं ट्रकच्या फेऱ्या लावायचं काम केलेलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, हा ट्रक पहिल्याच वजनकाट्यावर अडकेल.

माझ्या पडद्यावर एका ड्राइव्ह ॲक्सलवर २५,३५३ पाउंड दिसत होते आणि शेजारी हिरवी खूण. युरोपात एका चालत्या ॲक्सलला ११.५ टनांची परवानगी आहे, त्याचंच ते भाषांतर. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एका ॲक्सलची मर्यादा आहे २०,००० पाउंड, म्हणजे साधारण ९ टन. मी एकक बदललं होतं, कायदा बदलला नव्हता. गाडी कुठे अडकली नाही, कुणाला दंड झाला नाही, कारण ते डेमोतच सापडलं. पण सोमवारपासून मी दोन्हीकडचे वजनाचे आणि लांबीचे कायदे वाचायला बसलो. ते वाचून संपले तेव्हा हॉस्टेलच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्यापैकी सापडलं होतं.

* * *

आधी नाकाबद्दल. ज्या ट्रकची केबिन इंजिनाच्या डोक्यावर बसवलेली असते, त्याला कॅबओव्हर म्हणतात. इंजिन पुढे आणि केबिन मागे असेल तर अमेरिकेत त्याला म्हणतात ‘कन्व्हेन्शनल’. या नावातच एक फसवणूक आहे. वाटतं की अमेरिकेत परंपरेने नाकाचेच ट्रक चालत आले असणार. तसं नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन हायवेचे फोटो काढून बघा. सपाट तोंडाचे ट्रक रांगेने दिसतात. केनवर्थ, पीटरबिल्ट, इंटरनॅशनल, जीएमसी, फोर्ड, सगळ्यांकडे कॅबओव्हर होता. १९८४ साली टीव्हीवर आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ कार्टूनमधला ऑप्टिमस प्राइम आठवा. तोही सपाट तोंडाचा होता. २००७ च्या सिनेमात तोच ऑप्टिमस नाकवाला पीटरबिल्ट ३७९ झाला. मधल्या तेवीस वर्षांत अमेरिकन रस्त्यावर जे झालं, तेच त्याच्या तोंडावर झालं.

कॅबओव्हर अमेरिकेत कसा रुजला, त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका चिडलेल्या ग्राहकाची गोष्ट आहे. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये लेलंड जेम्स नावाचे गृहस्थ ‘कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज’ ही मालवाहतूक कंपनी चालवत. पश्चिमेकडचे डोंगरी चढ, लांबचे पल्ले, आणि प्रत्येक राज्याचे लांबी-वजनाचे वेगळे नियम. त्यांना हलका, अ‍ॅल्युमिनियमचा, आखूड ट्रक हवा होता. बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं नाही. मग जेम्स यांनी स्वतःच सॉल्ट लेक सिटीत ट्रक बांधायला सुरुवात केली. १९४२ मध्ये त्यांना नाव मिळालं ‘फ्रेटलायनर’. युद्धात काम थांबलं, नंतर पोर्टलंडला पुन्हा सुरू झालं. १९५० मध्ये बाहेरच्या ग्राहकाला विकलेला पहिला फ्रेटलायनर हिस्टर या फोर्कलिफ्टवाल्या कंपनीने घेतला. तो ट्रक आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. सपाट तोंडाचा, आत झोपायची जागा असलेला. म्हणजे आज अमेरिकेत ज्या नावाचे नाकवाले ट्रक पावलोपावली दिसतात, त्या घराण्याचा मूळ पुरुष बिननाकाचा.

असा ट्रक घेण्यामागे हौस नव्हती, पैसा होता. त्या काळात राज्यं ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी मोजत. कुठे ५५ फूट, कुठे ६०, कुठे ६५. समजा एकूण ५५ फूट मिळणार असतील, तर केबिनला गेलेला प्रत्येक फूट मालातून वजा होणार. भाडं मिळतं मालाचं, नाकाचं नाही. आपल्याकडे चाळीतल्या खोलीत जसा पलंग भिंतीला उभा करून ठेवतात, तसं अमेरिकन कंपन्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या खाली ढकललं. मग इंजिन दुरुस्त कसं करायचं? अख्खी केबिनच पुढे झुकवायची. १९४९ मध्ये व्हाइट कंपनीने ‘३०००’ हे मॉडेल काढलं, त्यात बटण दाबलं की केबिन झुकायची.

या सगळ्याची किंमत ड्रायव्हरने मोजली. तो पुढच्या चाकांच्या बरोबर वर बसायचा, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. दोन सीटच्या मध्ये इंजिनाचा उंचवटा, उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला. केबिन झुकवायची तर आधी आतलं सगळं सामान आवरायचं, नाहीतर कपबशीपासून बुटांपर्यंत सगळं समोरच्या काचेवर. आणि टक्कर झाली तर पुढे काय आहे? काच आणि पत्रा. माझे काका सांगलीहून वाशीला गूळ न्यायचे. जमशेदपूरला टाटांनी १९५४ पासून डाइमलर-बेन्झशी करार करून जे ट्रक बनवले, त्यांना नाक होतं. काका अजून म्हणतात, “नाकाच्या गाडीत जिवाला आधार वाटायचा. पुढं इंजिन असायचं ना.” आधार किती खरा आणि किती मनाचा, हा वेगळा विषय. पण नेब्रास्कातल्या ड्रायव्हरलाही नेमकं हेच वाटतं, आणि त्याच्या नि काकांच्या मधे कुठला अमेरिकन दिखाऊपणा आलेला नाही.

* * *

आता तो कायदा. नाव मोठं कंटाळवाणं आहे: ‘सरफेस ट्रान्स्पोर्टेशन असिस्टन्स ॲक्ट’, साल १९८२. रेगन यांनी त्यावर ६ जानेवारी १९८३ ला सही केली. त्यात इंधनावरचा कर वाढवला, रस्त्यांसाठी पैसे उभे केले, आणि त्यातच एक कलम होतं. आंतरराज्य महामार्ग आणि त्यांना जोडलेल्या ठरावीक रस्त्यांवर राज्यांनी यापुढे ट्रॅक्टर आणि ट्रेलरची मिळून एकूण लांबी ठरवायची नाही. ठरवायची तर फक्त ट्रेलरची, आणि तीही ४८ फुटांपेक्षा कमी नाही.

बस्स. एवढ्या एका कलमाने नाकावरचा कर उठला. ट्रेलरची लांबी एकदा वेगळी मोजली म्हटल्यावर पुढचा ट्रॅक्टर पाच फूट लांब असला काय आणि पंधरा फूट असला काय, मालात फरक पडत नाही. मग ड्रायव्हरने मणका का मोडून घ्यायचा? मेकॅनिकने केबिन का झुकवायची? नाकाचा ट्रक वाऱ्याला कापायलाही सोपा घडवता येत होता. शिवाय १९८० च्या ‘मोटर कॅरियर ॲक्ट’ने मालवाहतुकीचा धंदा बराच मोकळा केला होता. नवनवे लहान मालक बाजारात उतरत होते. स्वतःचा ट्रक घेऊन स्वतःच आठवडेच्या आठवडे त्यात राहणारा माणूस केबिनकडे घर म्हणून बघतो. त्याला नाक आणि मागे मोठी झोपायची खोली दोन्ही हवं होतं, आणि आता दोन्ही मिळणार होतं.

नव्वदचं दशक संपेपर्यंत अमेरिकेच्या लांबच्या रस्त्यांवरून कॅबओव्हर जवळजवळ गेला. फ्रेटलायनरने शेवटचा मोठा प्रयत्न केला १९९८ मध्ये. ‘आर्गोसी’ नावाचा ट्रक, दार उघडलं की पायऱ्या आपोआप बाहेर फिरून यायच्या. म्हणजे ड्रायव्हरची ‘चढायला त्रास होतो’ ही तक्रारही मिटवली होती. तरी २००६ मध्ये अमेरिकेतली विक्री बंद झाली. वस्तू चांगली होती. ती ज्या अडचणीचं उत्तर होती, ती अडचणच उरली नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असली कामं फार करतो.

युरोपात नेमकं उलट. तिकडे एकूण लांबी आजही मोजतात. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून १६.५ मीटर, आधी तर १५.५ होती. आणि अमेरिकेतला आजचा नेहमीचा ट्रेलर ५३ फुटी, म्हणजे १६.१५ मीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवून मी थोडा वेळ नुसता बघत बसलो होतो. युरोपात अख्खी गाडी जेवढी लांब असू शकते, जवळपास तेवढा अमेरिकेत नुसता मागचा डबा असतो. मागे आणखी एक ट्रेलर जोडलेली जी गाडी युरोपात चालते, तिला १८.७५ मीटर मिळतात. पण माल आणि मधली जागा यांना त्यातले १६.४ राखून ठेवलेले. वजाबाकी करा: २.३५ मीटर. एवढ्यात इंजिन, स्टिअरिंग, ड्रायव्हर, त्याचा पलंग आणि त्याचा संसार. स्कॅनियाच्या सपाट तोंडाला मी सौंदर्य समजत होतो. ती वजाबाकी होती. खुद्द स्कॅनियासुद्धा नाकाचा ट्रक बनवत असे, टी मालिकेचा, आणि त्याचे चाहते अजून हळहळतात. २००५ मध्ये तो बंद झाला. युरोपात घेणारेच फारसे उरले नव्हते.

* * *

एक गैरसमज इथे काढून टाकायला हवा, कारण तो माझाही होता. अमेरिका म्हणजे सगळं अवाढव्य, म्हणून तिकडचा ट्रक जास्त माल ओढत असणार. नाही. आंतरराज्य महामार्गांवर गाडीचं मालासकट एकूण वजन ८०,००० पाउंड, म्हणजे ३६.३ टन. युरोपात सर्वसाधारण मर्यादा ४० टन. लांबी कमी, वजन जास्त.

दोन्हीकडे गाडीला साधारण पाचच ॲक्सल असतात, पण वाटणी उलटी. युरोपात ट्रॅक्टरखाली दोन, ट्रेलरखाली तीन. अमेरिकेत ट्रॅक्टरखाली तीन, ट्रेलरखाली दोन. यामागे अमेरिकेचं एक सूत्र आहे, ‘ब्रिज फॉर्म्युला’. १९७४ च्या दुरुस्ती कायद्याने ते लागू झालं, आणि त्याच वेळी कमाल वजन ७३,२८० पाउंडांवरून ८०,००० वर नेलं. सूत्राचा अर्थ ओढ्यावर टाकलेल्या फळीवरून कळतो. पाच माणसं एकमेकांना चिकटून फळीवरून गेली तर ती मोडेल, अंतर ठेवून गेली तर पार होतील. सरकारला चिंता होती महामार्गांवरच्या पुलांची. म्हणून ॲक्सल जितके एकमेकांपासून लांब, तितकं जास्त वजन चालेल. पाच ॲक्सलवर पूर्ण ८०,००० पाउंड न्यायचे असतील तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमध्ये ५१ फूट अंतर हवं. म्हणजे युरोपचा कायदा ट्रकला म्हणतो अंग चोरून बस, आणि अमेरिकेचा म्हणतो पाय पसर.

आता समजा कुणी रॉटरडॅमच्या रस्त्यावरचा नेहमीचा दोन ॲक्सलचा स्कॅनिया उचलून ओहायोत ठेवला. त्याच्या एका चालत्या ॲक्सलवर ९ टनांच्या वर वजन टाकता येणार नाही, त्यामुळे पूर्ण माल भरताच येणार नाही. माझ्या डेमोत झालं तेच. अर्थात युरोपियन कंपन्या तीन ॲक्सलचे ट्रॅक्टरही बनवतात आणि जगभर विकतात, तेव्हा हा काही न सुटणारा प्रश्न नाही. वेगाचंही तसंच. युरोपात जड ट्रकला ९० किलोमीटरच्या आसपास रोखणारं यंत्र सक्तीचं आहे, तर अमेरिकेत अशी देशभराची सक्ती नाही आणि पश्चिमेच्या काही राज्यांत ट्रक ताशी ७५ मैलांनी, म्हणजे १२० किलोमीटरने जाऊ शकतो. पण गिअर आणि टायर बदलले की तेही जमतं. उत्सर्जनाचे नियम वेगळे, दिव्यांचे वेगळे. कष्टाची कामं, अशक्य नव्हेत.

मग अडलं कुठे? माझं मत असं की नाकापेक्षा गॅरेजमध्ये जास्त अडलं.

अमेरिकन ट्रक हा पिढ्यान्‌पिढ्या असेंबल्ड पीसीसारखा विकला गेला. केबिन पीटरबिल्टची, इंजिन कमिन्सचं, गिअरबॉक्स ईटन-फुलरचा, ॲक्सल आणखी तिसऱ्याचे. ग्राहक यादीवर खुणा करतो आणि कंपनी जुळवून देते. (पुण्यात ‘कमिन्स’ म्हटलं की कोथरूड आणि तिथला १९६२ चा किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना आठवतो. मला इंटर्नशिपपर्यंत ही कंपनी पुण्याचीच वाटत होती. ती इंडियानाची.) याचा फायदा असा की ओक्लाहोमाच्या माळावर रात्री दोनला गाडी बंद पडली तरी जवळच्या गावातल्या मेकॅनिकला ते इंजिन माहीत असतं आणि त्याचा भाग मिळतो. युरोपियन ट्रक हा मॅकबुकसारखा. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, केबिन, सगळं एकाच घरातलं आणि एकमेकांत घट्ट बसवलेलं. चालतो तेव्हा सुरेख चालतो. पण त्याला स्वतःचं सर्व्हिस सेंटर लागतं, आणि ते पाचशे मैलांवर असेल तर ड्रायव्हरचा दिवस, माल आणि पैसा तिघंही रस्त्याच्या कडेला उभे राहतात.

स्कॅनियाने हे अनुभवलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिने अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंडमध्ये, थोड्या डीलर्समार्फत ट्रक विकायला सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गाशा गुंडाळला. एका कोपऱ्यात दुकान आणि ट्रक जाणार किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, हे गणित जुळणं कठीणच होतं. शिवाय अमेरिकन मालक ट्रक घेताना तो पुढे कुणाला विकता येईल हे आधी बघतो. चार-पाच वर्षांनी जुना स्कॅनिया कोण घेणार? या प्रश्नाला जोवर उत्तर नाही, तोवर नवा स्कॅनिया कितीही चांगला असला तरी महागच.

जिथे पल्ला छोटा आणि गॅरेज जवळ, तिथे युरोपियन ट्रक अमेरिकेतही खपला. मॅक कंपनीने रेनोचे फ्रान्समधले मध्यम ट्रक ‘मिड-लायनर’ या नावाने शहरातल्या वाटपासाठी बरीच वर्षं विकले. व्होल्वोचा सपाट तोंडाचा एफ७ सुद्धा काही काळ तिथे मिळत होता. आणि अमेरिकन शहरांतला कचऱ्याचा ट्रक आजही बघा. गल्लीत वळायचं असतं, समोर पोरं खेळत असतात, म्हणून तो बिननाकाचाच असतो.

या साऱ्याचा सगळ्यात चांगला पुरावा मात्र ऑस्ट्रेलियात आहे. आमच्या धंद्यात ए-बी टेस्ट म्हणतात, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि लोक काय करतात ते बघायचं. ऑस्ट्रेलियाने ती नकळत करून दाखवली. पल्ले अमेरिकेसारखे लांब, आवडनिवड बरीच अमेरिकन, केनवर्थचा कारखाना मेलबर्नजवळ बेझवॉटरला. पण तिथे दोन ट्रेलर जोडलेल्या ‘बी-डबल’ गाडीची एकूण लांबी मोजतात, २६ मीटर. परिणाम? तोच केनवर्थ तिथे आजही सपाट तोंडाचा ट्रक बनवतो. अमेरिकेत नाकारलेला आर्गोसीही तिथे पुढे बरीच वर्षं विकला गेला. आणि व्होल्वो-स्कॅनियाही तिथे व्यवस्थित खपतात, कारण त्यांनी तिथे दुकानं आणि गॅरेजं उभी केली.

* * *

युरोपियन कंपन्यांना हे सगळं माझ्याआधी कळलं होतं, अर्थातच. त्यांनी ट्रक पाठवण्याऐवजी दुकानं विकत घेतली. १९८१ हे एकच वर्ष बघा. दिवाळ्यात निघालेल्या व्हाइट कंपनीचा ट्रकचा धंदा व्होल्वोने घेतला. त्याच वर्षी डाइमलर-बेन्झने फ्रेटलायनर घेतली, लेलंड जेम्स यांच्या त्याच कंपनीकडून. म्हणजे कॅबओव्हर बनवण्यात जगात पटाईत असलेल्या दोन कंपन्या अमेरिकेत शिरल्या आणि दोन वर्षांच्या आत अमेरिकेने कॅबओव्हरची गरजच काढून घेतली. याला दुर्दैव म्हणावं, तर पुढचं बघा. त्यांनी मुकाट्याने नाक बसवायला घेतलं. व्होल्वोने १९९६ मध्ये खास अमेरिकेसाठी व्हीएन आणला, आणि गेममध्ये मला दिसलेलं ते फुटलेलं नाक त्याच घराण्यातलं. रेनोने १९७९ पासून हिस्सा वाढवत १९९० मध्ये अख्खी मॅक घेतली. २००१ मध्ये तीही व्होल्वोकडे गेली. २०२१ मध्ये स्कॅनिया आणि मॅन यांची मालक असलेल्या ट्राटोनने नॅव्हिस्टार, म्हणजे ‘इंटरनॅशनल’ ट्रक, विकत घेतली. आज अमेरिकेतल्या जड ट्रकच्या चार मोठ्या गटांपैकी तिघांचं मुख्यालय युरोपात आहे. चौथी पॅकार, केनवर्थ आणि पीटरबिल्टची मालक. ती अमेरिकन, पण १९९६ पासून हॉलंडची डाफ तिच्या मालकीची आहे.

आणि बॉनेट उघडलं तर? फ्रेटलायनरमध्ये बसणारं डेट्रॉइटचं इंजिन आणि जर्मनीतलं मर्सिडीजचं मोठं इंजिन एकाच कुटुंबातलं. त्याच्या मागचा डीटी१२ हा स्वयंचलित गिअरबॉक्स मर्सिडीजच्या गिअरबॉक्सवरून घडवलेला. व्होल्वोचा आय-शिफ्ट २००७ पासून अमेरिकेत मिळतो. अठरा गिअरचा दांडा हाताने टाकण्यात ज्या ड्रायव्हरांनी हयात घालवली, त्यांची पोरं आता बटणावर चालवतात. पीटरबिल्टमध्ये पॅकारचं एमएक्स इंजिन घेतलं तर ते मूळचं डाफचं. २०१० पासून मिसिसिपी राज्यात बनतं. इंटरनॅशनलचं नवं एस१३ इंजिन स्कॅनियाच्या इंजिनावर उभं आहे. ज्या स्कॅनियाला न्यू इंग्लंडमधून परत जावं लागलं, तिचं इंजिन तीस वर्षांनी दुसऱ्याच्या नाकाखाली लपून अमेरिकेत शिरलं.

युरोपियन ट्रक अमेरिकन ग्राहकाला चालेल का, असं आता कुणी विचारलं तर मी म्हणतो, चालतोच आहे की. इंजिन घेतलं, गिअरबॉक्स घेतला, तोंड तेवढं घेतलं नाही. आणि तोंड घ्यायचं काही कारण त्याच्याकडे नाही. युरोपातही गंमत सुरू झाली आहे. हवेचा अडथळा आणि समोरचं दिसणं सुधारावं म्हणून तिकडे लांबीच्या नियमात सवलत दिली, आणि तिचा पहिला फायदा घेतला डाफने. २०२१ च्या नव्या ट्रकची केबिन पुढे १६ सेंटिमीटर वाढली. म्हणजे कायद्याने बोटभर जागा दिली आणि लगेच नाक वीतभर उगवलं.

काकांना मी दिवाळीत अमेरिकन गेम दाखवला. पीटरबिल्ट बघून ते खूश झाले, मग केबिनमागची झोपायची खोली बघून गप्प झाले. ते सीटवर आडवे होऊन झोपायचे, क्लीनर टपावर. थोड्या वेळाने म्हणाले, “एवढ्या जागेत किती ढेपा बसल्या असत्या.”

माझं ते मॉड्यूल नंतर नीट झालं. एकक बदलणारा कोड मी काढून टाकला आणि दोन वेगळ्या फाइली केल्या, एक युरोपची आणि एक अमेरिकेची. रकाने दोन्हींत तेच. युरोपच्या फाइलमध्ये एकूण लांबीसमोर १६.५ आहे. अमेरिकेच्या फाइलमध्ये तो रकाना मी रिकामा ठेवला आहे. कोड तपासणाऱ्या नव्या मुलीने परवाच त्यावर शेरा मारला, ‘इथे आकडा राहिलाय का?’